ट्राम आधी छपराखाली घ्या

आमच्या शेतावर मेलबर्नची एक जुनी ट्राम आहे असं सांगितलं की समोरच्याचे दोन प्रश्न ठरलेले. "चालते का?" आणि "मग तिच्यात काय करणार, कॅफे की होमस्टे?" चालत नाही, आणि कॅफे-होमस्टे काहीच करणार नाही म्हटलं की माणूस हिरमुसतो. पण अधूनमधून एखादा असाही भेटतो, ज्याच्या काकांच्या किंवा सासऱ्यांच्या जमिनीवर असाच एक डबा पडलेला असतो आणि त्याचं काय करायचं हे त्याला कळत नसतं. हे लिखाण त्याच्यासाठी.

आम्ही बेंडिगोच्या दक्षिणेला राहतो, मेलबर्नपासून गाडीनं दीडएक तासावर. शेत म्हणायचं म्हणून म्हणायचं. मेंढ्या शेजाऱ्याच्या, गवत आमचं. मी गावातल्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट, नवरा पाण्याच्या खात्यात. ट्रामशी आमचा संबंध एवढाच, की माझे बाबा परळचे आणि त्यांचं लहानपण ट्रामच्या खडखडाटात गेलं.

इथल्या रानांत ट्राम कुठून आल्या, हे आधी सांगायला हवं. मेलबर्नमध्ये १९२३ ते १९५६ या काळात डब्ल्यू जातीच्या साडेसातशेहून जास्त गाड्या बांधल्या गेल्या. पहिल्यापहिल्यांदा डब्ल्यू, मग डब्ल्यू-वन, डब्ल्यू-टू असं करत शेवटची डब्ल्यू-सेव्हन निघाली ती ऑलिम्पिकच्या वर्षी. एकेक गाडी निवृत्त झाली की खालच्या बोगी (म्हणजे चाकांचे सांगाडे), मोटरा, तांब्याचं सामान काढून घ्यायचे आणि वरचा लाकडी डबा थोड्याथोडक्या पैशांत विकून टाकायचे. लोकांनी त्याचं काय केलं नाही! समुद्रकाठी सुट्टीची खोली केली, शेतमजुरांना झोपायला दिला, कोंबड्या ठेवल्या, वैरण भरली. काही गाड्यांचं नशीब मात्र थोर. सिएटलच्या बंदरावर १९८२ पासून २००५ पर्यंत मेलबर्नच्याच डब्ल्यू-टू धावत होत्या, सॅन फ्रान्सिस्कोनंही नेल्या, आणि एक तर एल्टन जॉननं विकत घेतली. आमची गेली वैरणीच्या कोठीत.

२०१८ मध्ये व्हिक्टोरिया सरकारनं न्यूपोर्टला साठवून ठेवलेल्या १३४ जुन्या डब्ल्यू गाड्या शाळांना, संस्थांना आणि सामान्य लोकांना देऊ केल्या. गाडी फुकट, पण ती न्यायची आणि सांभाळायची तुम्ही. तेव्हा आम्हीही माहितीपत्रक वाचलं आणि गप्प बसलो. पण डोक्यात किडा शिरायचा तो शिरलाच. पुढं गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची जमीन विकायला निघाली. त्याच्या गोठ्यामागं पत्र्याच्या छपराखाली काहीतरी लांबलचक हिरवट उभं असल्याचं आमच्या शेजाऱ्यानं सांगितलं. "नेत असाल तर न्या, नाहीतर नवा मालक पेटवून देईल," हे त्याचे शब्द. इथं पेटवून देणं ही धमकी नसते, जुन्या डब्यांची विल्हेवाट खरोखरच अशी लावली जायची.

डबा डब्ल्यू-टूचा निघाला. ओळखायला सोपा: दोन्ही टोकांना बंद खोल्या आणि मधला भाग खाली उतरलेला, उघडा, दारं नसलेला. पावसात तिथं कॅनव्हासचे पडदे सोडायचे. चढायला-उतरायला हीच जागा. या खालच्या मधल्या भागानंच पुढं आमचा घाम काढला, ते येईलच.

आत वैरणीचा चुरा, उंदरांची घरटी, पोसम या इथल्या झाडांवरच्या प्राण्याचा वास आणि एका कोपऱ्यात मेंढ्यांच्या औषधांचे रिकामे डबे. खिडक्यांच्या निम्म्या काचा गायब. ड्रायव्हरच्या जागचा कंट्रोलर, म्हणजे वेग कमीजास्त करायचा दांडा, गेलेला, बाकं गेलेली, कातडी पट्टे गेलेले. पण उभ्या लाकडांत सुरी टोचून पाहिली तर बहुतेक ठिकाणी टोक आत जाईना. कारण एकच. त्या शेतकऱ्यानं वैरण भिजू नये म्हणून डब्यावर एक साधं पत्र्याचं छप्पर घातलं होतं. ट्राम वाचवायचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याच गावात दुसऱ्या एका रानात याच जातीचा डबा आहे. तो मालकानं प्रेमानं रंगवून, पाटी लावून, फुलांच्या कुंड्या ठेवून उघड्यावर उभा केला होता. आज त्याचं छत आत कोसळलंय. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगते, कारण या उद्योगातलं निम्मं शहाणपण तिच्यात आहे. या गाड्यांचं छत म्हणजे लाकडी पट्ट्या आणि त्यावर रंगानं माखलेलं कॅनव्हास. कॅनव्हासला एक चीर गेली की पाणी पट्ट्यांत, तिथून वाशांत, तिथून खांबांत आणि शेवटी तळाच्या सांध्यांत उतरतं. वरून रंग चकचकीत दिसतो आणि आत लाकडाचा भुसा झालेला असतो.

म्हणून गाडी आणण्याच्या आधी आम्ही शेड उभारायला घेतली. नवऱ्याला हे उलटं वाटत होतं, घोडा नाही आणि तबेला बांधायचा. पण बायलँड्सच्या ट्राम संग्रहालयातल्या एका स्वयंसेवकानं फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला होता: "छप्पर आहे का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, मग झाल्यावर फोन करा. मला त्याचा थोडा रागच आला होता तेव्हा.

शेडच्या परवानगीसाठी इथल्या स्थानिक कचेरीत खेटे घातले. शेतीच्या जमिनीवर शेतीची शेड चालते, पण शेडमध्ये काय ठेवणार या रकान्यात "ट्राम" लिहिल्यावर फाइल जी अडकली ती अडकलीच. हे वाहन आहे, इमारत आहे की साठवण आहे? कोणी राहणार का? लोक बघायला येणार का? तिकीट लावणार का? समोरची बाई सज्जन होती, पण तिच्या संगणकात ट्रामचा पर्याय नव्हता. शेवटी "कोणी राहणार नाही, व्यवसाय होणार नाही, पाणी-वीज जोडणार नाही" असं लिहून दिलं तेव्हा गाडं पुढं सरकलं. हे लिहून दिल्यानं कॅफेचा विषयही कायमचा मिटला, हा फायदाच.

शेड तिन्ही बाजूंनी उघडी ठेवली, फक्त पश्चिमेला पत्रा मारला, कारण इथला पाऊस आणि दुपारचं ऊन दोन्ही तिकडूनच येतं. पूर्ण बंद शेडमध्ये दमट हवा कोंडते, लाकडाला वारा लागला पाहिजे. खाली खडी, खडीवर रेड गम या टणक लाकडाचे, रुळांखाली घालतात तसले जुने स्लीपर, पण लाकूड थेट मातीला कुठंच टेकणार नाही अशी रचना. वाळवी इथंही आहे हो, फक्त भारतातच नाही.

आता वाहतूक. सगळ्यात जास्त झोप यानं उडवली आणि सगळ्यात जास्त पैसेही इथंच गेले; गाडीला दिले त्याच्या कितीतरी पट. बोगी-मोटरांसकट अशी गाडी साधारण सतरा टन भरते. नुसता डबा त्याहून बराच हलका, पण लांबी चौदा मीटर आणि रुंदी अडीच मीटरच्या वर. अडीचच्या वर गेलं की रस्त्यावर तो जादा आकाराचा माल ठरतो, मग झेंडे, पाट्या, ठरलेल्या वेळा. एका वाहतूकवाल्यानं फोटो न बघताच भाव सांगितला आणि सपाट ट्रेलर घेऊन येतो म्हणाला. त्याला नाही म्हटलं.

का नाही म्हटलं, ते नीट सांगते. ट्रामचा तळ लोखंडी चौकटीचा असतो आणि डब्ल्यू-टूत ही चौकट सरळ नसते. मधल्या उघड्या भागाशी ती खाली उतरते आणि पुन्हा वर जाते. त्यामुळं सपाट ट्रेलरवर डबा ठेवला तर आधी टेकतो तो मधला भाग आणि दोन्ही टोकं हवेत लोंबतात. रस्त्यावर दोन खड्डे लागले की संपलं. डब्याचा भार जन्मभर दोनच ठिकाणी होता, जिथं बोगी बसायच्या तिथं. त्या आडव्या तुळईला बोल्स्टर म्हणतात. उचलताना पट्टे तिथंच, ट्रेलरवर टेकवताना ठोकळे तिथंच आणि शेडमध्ये कायमचा आधारही तिथंच. टोकांखाली नुसते हलके टेकू, लोंबू नयेत एवढ्यापुरते. एवढं समजलेला क्रेनवाला मिळेपर्यंत आम्ही थांबलो. तो मिळाला तो शेतातली साइलो, म्हणजे धान्याची उंच कोठारं, हलवणारा निघाला. आल्याआल्या पोटावर झोपून डब्याखाली शिरला, खडूनं बोल्स्टरवर फुल्या मारल्या आणि बाहेर येऊन म्हणाला, खाली साप आहे. ब्राउन स्नेक, इथला जहाल विषारी. साप आपणहून निघून जाईपर्यंत सगळे चहा पीत बसलो. इथं साप मारायला कायद्यानं बंदी आहे, आणि नसती तरी तिथं हात घालायला कोण जाणार होतं?

उचलायच्या आधी आतून आडवे-तिरके फळ्यांचे आधार ठोकले, विशेषतः मधल्या उघड्या भागात. दार नाही, भिंत नाही, तिथं डब्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. क्रेननं ताण घेतला तेव्हा लाकडातून असा एक आवाज आला की नवऱ्यानं माझा दंड धरला. मग डबा इंचभर वर आला, वर्षानुवर्षांची वैरण फटींतून झिरपून खाली सांडली आणि क्रेनवाल्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पाच मिनिटं तसाच लटकत ठेवून त्यानं चारी कोपरे फिरून पाहिले, मग पुढं. त्याच्या त्या थांबण्याला मी पैसे दिले असं समजते.

गाडी शेडखाली आली. त्यानंतर बराच काळ आम्ही काहीही केलं नाही, आणि हे मुद्दाम. लाकडाला नव्या जागेची हवा लागू दिली, उंदीर घालवले, झाडून जे निघालं ते चाळणीतून चाळलं. त्यात पितळी स्क्रू, खिडकीची एक कडी आणि तिकिटांचे चुरे मिळाले. प्रत्येक गोष्टीचा फोटो, प्रत्येक फळी काढायच्या आधी तिच्यावर मागून पेन्सिलीनं खूण. फार्मसीत हाताला शिस्त लागते, ती इथं कामी आली. उत्साहाच्या भरात लोक आधी रंगाचा डबा आणतात. नव्या रंगाखाली पुरावा गाडला जातो, मग गाडीचा नंबर कुठला, कोणत्या सालचा रंग कुठला, काही सांगता येत नाही.

आणि रंग म्हणजे शिसं. जुन्या ट्रामच्या रंगात शिसं भरपूर, हे गृहीत धरूनच चालायचं. कोरडं घासकाम अजिबात नाही. मशीन तर नाहीच. पाणी मारायचं, ओल्यावर खरवडायचं, खाली जाड प्लास्टिक, तोंडावर चांगला मास्क, कामाचे कपडे वेगळे आणि वेगळेच धुवायचे. हीट गन फार तापली की शिशाची वाफ होते, म्हणून तीही बाजूला ठेवली. काम सुरू करायच्या आधी आणि नंतरही मी आम्हा दोघांच्या रक्तातलं शिसं तपासून घेतलं. मुलीला रंगकामाच्या दिवशी शेडकडं फिरकायची बंदी. ती चिडते, चिडू दे.

पण त्या खरवडण्यातच खरी मजा आहे. पुढच्या पत्र्यावर तळहाताएवढ्या जागेत मी एकेक थर पायरीपायरीनं उघडत गेले. वरती शेतकऱ्यानं मारलेला करडा, खाली मेलबर्नचा तो प्रसिद्ध हिरवा, एकदा नाही, वेगवेगळ्या छटांचा अनेकदा. आणि सगळ्यात खाली चॉकलेटी तपकिरी. मेलबर्नच्या ट्राम हिरव्या-पिवळसर झाल्या त्या १९२०च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी त्या तपकिरी असायच्या. म्हणजे आमचा डबा त्या आधीचा. नंबराच्या सोनेरी आकड्यांची कडही तिथंच तिरप्या उजेडात दिसली. तो तुकडा मी तसाच ठेवलाय, त्यावर रंग लावणार नाही. पाहुण्यांना बाकी काही नाही तरी तेवढं दाखवते.

कुजलेल्या लाकडाबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंचे लोक हिरिरीनं भांडतात. एक म्हणतात इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा रासायनिक लांबा, भरा, मूळ लाकूड राहतं. दुसरे म्हणतात कुजका भाग कापा आणि त्याच जातीचं नवं लाकूड तिरक्या सांध्यानं जोडा. बेंडिगोच्या ट्रामचं वर्कशॉप पाहायला मिळतं. तिथले सुतार दुसऱ्या पद्धतीनं काम करताना पाहून माझं मत ठरलं. इपॉक्सीखाली ओल अडकली की शेजारचं चांगलं लाकूडही जातं. खांबांचे तळ आम्ही कापून जोडले, आणि नव्या तुकड्यावर आतल्या बाजूनं साल कोरलं, म्हणजे उद्या कोणी उघडलं तर त्याला जुनं-नवं कळेल. छताच्या कॅनव्हासला मात्र हातच लावला नाही. वर शेड आहे, घाई कसली?

मग बाबा आले. बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण कुठलंही यंत्र दिसलं की आधी वाकून खालून बघणार. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली, तेव्हा गर्दीत मामांच्या खांद्यावर बसून पाहिल्याचं ते नेहमी सांगतात. १८७४ मध्ये घोड्यांनी ओढलेल्या ट्रामपासून सुरू झालेलं, १९०७ मध्ये विजेवर आलेलं, १९२० मध्ये दुमजली झालेलं ते सगळं प्रकरण त्या रात्री संपलं. मला याचं नेहमी वाईट वाटतं, की एवढ्या मोठ्या शहरात दाखवायला म्हणून जी ट्राम बोरीबंदरसमोर भाटिया बागेत ठेवली, ती कोलकात्याहून आणावी लागली. रूळ तेवढे फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीत जमिनीखाली सापडले. डबे सगळे भंगारात. आपल्याकडं कोणाकडं गोठाही नव्हता आणि वैरण भरायला रिकामा डबाही कोणी नेला नाही, असंच म्हणायचं.

बाबांनी आमच्या ट्रामला पहिल्या दिवशी नावंच ठेवली. "ही कसली ट्राम? मधूनच पोट खाली गेलंय हिचं." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्वेटर-मफलर घालून शेडमध्ये हजर. खिडकीच्या चौकटींचे पितळी स्क्रू मला काढता येत नव्हते. एका चरीचे जुने स्क्रू ते, चर रंगानं भरलेली, जोर लावला की डोकं खरडतं आणि मग ड्रिल लावण्याशिवाय इलाज नाही. बाबांनी आधी दाभणानं चर साफ केली, कडा अगदी कोऱ्या होईपर्यंत. मग सोल्डरिंग आयर्न मागितलं आणि त्याचं टोक स्क्रूच्या डोक्यावर धरून बसले, तोंडानं आकडे मोजत. चरीत घट्ट बसेल असा रुंद स्क्रूड्रायव्हर घासून-घासून तयार केला. आणि मग स्क्रू उलटा फिरवायच्या ऐवजी आधी आवळला, केसाएवढा. कट् असा आवाज आला.

"आधी आवळायचं, मग सोडायचं. लगेच सोडायला गेलीस की तो अडून बसतो," ते म्हणाले. तो स्क्रू लोण्यासारखा बाहेर आला. त्या बाजूच्या सगळ्या चौकटी बाबांनी एकट्यानं उतरवल्या. एकाही स्क्रूचं डोकं गेलं नाही. जाताना मला म्हणाले, "शिकवून औषधवाली केली आणि ही इथं भंगार घासत बसलीय." पण तो घासलेला स्क्रूड्रायव्हर त्यांनी बॅगेत घालून परळला नेला, मला दिला नाही.

खर्चाचं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते, की गाडीची किंमत विसरा. शेड, क्रेन आणि ट्रेलर हाच खर्च. नंतरचं काम तुमच्या सुट्ट्यांवर चालतं आणि ते वर्षानुवर्षं चालणार हे धरूनच सुरुवात करा. आणखी एक: उन्हाळा आला की शेडभोवतीचं गवत जमिनीलगत कापलेलं पाहिजे. इथं वणवे लागतात, ठिणग्या वाऱ्यावर दूरदूर उडत येतात आणि शंभर वर्षं वाळलेलं लाकूड पेटायला किती वेळ लागणार? आमच्या गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचे लोक एकदा येऊन सगळं पाहून गेले. पाण्याची टाकी शेडपासून कुठं हवी, पाइपाचं तोंड कोणत्या मापाचं हवं, हे त्यांनी सांगितलं तसं केलं. विमा कंपन्यांशी झालेलं संभाषण लिहीत नाही, प्रत्येक वेळी "ट्राम म्हणजे ट्रॅम्पोलिन का?" इथूनच सुरुवात व्हायची.

आता प्रश्न आहे बोगींचा. एका संग्राहकाकडं या जातीच्या गाडीच्या बोगींची जोडी आहे आणि तो विकायला तयार आहे. नवऱ्याचं म्हणणं, बोगीवर उभी राहिली तर भार पुन्हा जिथला तिथं जाईल, आणि ट्राम ट्रामसारखी दिसेल. माझं म्हणणं, त्यासाठी शेडचं छप्पर उंच करावं लागेल, क्रेन पुन्हा बोलवावी लागेल, आणि ज्या डब्यांना अजून छप्परच नाही त्यांतला एखादा त्याच पैशांत आत घेता येईल. ते कुंड्यांवाले गृहस्थ आता डबा द्यायला तयार आहेत. छत गेलंय, पण त्याची बाकं शाबूत आहेत आणि एका टोकाचा कंट्रोलरही. यावर आमचं घरी रोज भांडण चालू आहे. तोवर या उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या खिडक्या उतरवायच्या आहेत, आणि त्यासाठी बाबांकडून तो स्क्रूड्रायव्हर कुरियरनं मागवलाय. ते म्हणतात, स्वतः घेऊन येतो.